तीन नंबरची रद्दी

१

पठारावर चार दुर्बिणी होत्या आणि चारींपैकी एकीलाही नळी नव्हती. नवखा माणूस आला की तो चारी बाजूंना बघून विचारायचा, दुर्बीण कुठे आहे? मग त्याला दाखवायचे ते एकेकीचे दोनशे दहा आरसे. लोखंडी सांगाड्यावर शेजारी शेजारी बसवलेले, सगळे मिळून घराएवढी एक परात. परातीसमोर चार लांब दांड्यांवर धरलेली एक पेटी, आणि पेटीत काचेचे नऊशे डोळे. दिवसा पेटीला झाकण असायचं, कारण उन्हात ती उघडी राहिली की डोळे कायमचे गेलेच. दिवसभर चारही पराती माना खाली घालून उभ्या असायच्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारख्या.

तारे बघणं हे त्यांचं काम नव्हतं. दूर कुठेतरी एखादा तारा फुटतो, कोसळतो, काहीतरी होतं, आणि तिथून गॅमा किरण निघतात. अब्जावधी मैल येतात आणि जमीन दहा किलोमीटरवर राहिलेली असताना हवेवर आपटून मरतात. मरताना एक निळसर लकाकी सोडून जातात. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले पाच-सहा तुकडे ती टिकते. माणसाच्या डोळ्याला तिचा पत्ताही लागत नाही. पराती तेवढ्यात तिचं चित्र काढून ठेवतात.

अडचण अशी, की हवेत नाही नाही त्या कारणांनी लकाक्या होतच असतात. म्हणून पठारावर पहिल्या दिवसापासून एक नियम होता. निदान दोन दुर्बिणींनी एकाच क्षणी पाहिलं असेल तर ते खरं. एकटीनं पाहिलेलं रद्दी. त्यात दया-माया नव्हती, अपील नव्हतं.

त्या रद्दीवर एक तपासनीस नेमलेला होता. संगणकातली चाळणी रात्रभर दाणे आणि खडे वेगळे करायची. खड्यांत चुकून दाणे तर जात नाहीत ना, हे बघायला एक माणूस हवा असं कुठल्याशा समितीनं ठरवलं होतं. समितीनं ठरवलेलं बदलायला दुसरी समिती लागते, आणि ती अकरा वर्षांत बसली नव्हती. तेव्हा रोज सकाळी दहाला, रात्रपाळीची मंडळी डोळे चोळत झोपायला गेली की हे गृहस्थ आपल्या खोलीत येत, चष्मा पुसत आणि रद्दीतले दोनशे नमुने एकेक करून उघडत. लोक त्यांना तोंडावर रद्दीसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही त्यांना ठाऊक होतं, आणि ते याहून फार वेगळं नव्हतं.

खोली लहान होती. एक टेबल, एक पडदा, एक उत्तरेकडची खिडकी; भिंतीपलीकडे संगणकांना वारा घालणाऱ्या पंख्यांची अखंड घरघर. एखादा जड कण परातीवर सरळ येऊन आदळला की चित्रात गोल कडं उमटायचं, त्याला सगळे बांगडी म्हणत. कडेला आदळला तर फुटकी बांगडी. बाकी ठिपके, ओरखडे, सांडल्यासारखे पुंजके. अकरा वर्षांत तपासनिसांनी असे साडेसहा लाख नमुने पाहिले होते आणि त्यांत एकही दाणा सापडला नव्हता. आपलं काम चोख चाललं आहे याचा हाच पुरावा, असं ते वार्षिक अहवालात लिहीत.

त्या मंगळवारी तीन नंबरच्या दुर्बिणीच्या रद्दीत जे चित्र उघडलं ते बांगडी नव्हतं, ओरखडा नव्हता. काळ्या पडद्याच्या मधोमध एक उभी, अरुंद आकृती होती. वर एक गोलसर भाग. तो गोल किंचित एका बाजूला कललेला, खाली काहीतरी वाचत असल्यासारखा.

तपासनीस स्वतःशी हसले. ढगात हत्ती दिसला म्हणून कुणी माहुताला बोलावत नाही. त्यांनी पुढचा नमुना उघडला.

बुधवारी ती आकृती पुन्हा होती.

२

तपासनिसांच्या घरी त्यांची थोरली बहीण होती. दोघंच. तपासनिसांचं लग्न झालं नव्हतं आणि ताईचं झालेलं फार टिकलं नव्हतं. नवरा चौथ्या वर्षी गेला. आई-वडील गेले तेव्हा तपासनीस नऊ वर्षांचे होते, ताई एकोणीसची, आणि सगळ्यात धाकटी बहीण पाळण्यात. ताईनं दोघांना वाढवलं, शिकवलं, धाकटीला उजवलं. आता ती पासष्ट वर्षांची होती, पण भावाला अजून नऊ वर्षांचाच समजायची.

पठाराच्या उतारावर कर्मचाऱ्यांच्या घरांची रांग होती. त्यांचं शेवटचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन नंबरची परात दिसायची.

महिन्यापूर्वी ताईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा अजून व्हायचा होता. तोवर तिचं एका डोळ्यावर चाललेलं, आणि त्यामुळे घरात एक नवाच खेळ सुरू झाला होता. ताई चहा ओतायची तो कपाच्या दोन बोटं अलीकडे. कप स्वच्छ दिसायचा तिला, फुलांची नक्षीसुद्धा. पण किती लांब आहे ते कळायचं नाही.

“एका डोळ्यानं अंतर समजत नाही, ताई. दोन लागतात,” तपासनीस टेबल पुसत म्हणाले.

“हे सांगायला सरकार तुला पगार देतं?”

देतं, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. कारण पठारावरचं सगळं शास्त्र अखेर एवढंच होतं. एका दुर्बिणीला लकाकी दिसते, पण ती किती उंचावर आहे, जमिनीच्या कुठल्या जागेवर आहे, हे सांगता येत नाही. दुसरीनंही पाहिलं की दोघींच्या नजरेच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ती. एकटीनं पाहिलेली गोष्ट कुठेच नसते.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा स्वतः ओतला. ओतताना त्यांच्या मनात आलं की ते बुधवारचं चित्र मंगळवारच्या चित्रापेक्षा जरासं मोठं होतं.

३

रद्दी तीन आठवडे ठेवत आणि मग पुसून टाकत. गुरुवारी तपासनिसांनी तीन आठवड्यांची तीन नंबरची रद्दी उपसली. दुपारचं जेवण तसंच राहिलं.

प्रत्येक रात्रीचं एक चित्र. पहाटे झाकण लावायच्या आधीच्या दहा मिनिटांत, रोज एकच. पहिलं दाण्याएवढं होतं, नंतर वाटाण्याएवढं, मग बोटभर. आकृती मोठी होत होती की जवळ येत होती, हे सांगायची सोय नव्हती. नियमाप्रमाणे ती तिथे नव्हतीच.

माणूस साठीकडे झुकला की त्याला भूत दिसण्याआधी डोळ्यांचा डॉक्टर दिसतो. तपासनिसांनी आधी स्वतःचा चष्मा बदलून पाहिला. मग त्यांनी वायरमनला गाठलं. वायरमन हा पठारावरचा एकमेव माणूस होता जो शास्त्रज्ञांना भीत नसे, कारण दिवे त्याच्या हातात होते. त्यानं चित्र पाहिलं आणि विचारलं की यात काय बघायचं? त्याला तीन-चार उजळ ठिपके दिसत होते, बस. तपासनिसांनी बोटानं बाह्यरेषा काढून दाखवली. वायरमन त्यांच्या बोटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “रद्दीसाहेब, निवृत्तीला किती महिने राहिले?”

तरी तो भला माणूस; तो त्यांना घेऊन तीन नंबरला गेला. दोघांनी पेटीचं झाकण, कड्या, रबरी पट्टी सगळं तपासलं. कुठे कोळ्याचं जाळं नाही, पाखराचं घरटं नाही. वायरमन खाली उतरला तरी तपासनीस परातीसमोरच्या लोखंडी मचाणावर उभे राहिले. दोनशे दहा आरशांत त्यांचे तुकडे दिसत होते. कुठे कान, कुठे सदऱ्याचं बटण, कुठे नुसताच चष्मा. वारा पडला होता. सांगाडा उन्हानं तापून मधूनच टक् करून वाजत होता. सगळे तुकडे आपल्याकडेच बघताहेत हे साहजिक होतं, आरसेच ते. पण आपण मान वळवल्यावर सगळे एकदम वळले का, हे बघायला ते थांबले नाहीत.

आणखी एक गोष्ट होती. आकृतीच्या डोक्यात, तोंड असायला हवं तिथे, तीन काळी भोकं होती. त्याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे तयार होतं आणि त्यानं त्यांना फार धीर आला. तीन नंबरच्या पेटीतले काही काचेचे डोळे मेलेले होते. मेलेल्या डोळ्यांच्या जागी चित्रात भोकंच दिसणार.

४

शुक्रवारी ते निरीक्षणप्रमुख बाईंकडे गेले. बाई वयानं त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि झोपेची बाकी कायम थकलेली. त्यांनी चित्राकडे शिष्टाचारापुरतं पाहिलं. एका दुर्बिणीनं पाहिलंय ना, मग रद्दी आहे, असं त्या म्हणाल्या. काकांनी ते मनावर घेऊ नये. दुसरीनं पाहिलं तर जरूर यावं.

त्या सहज बोलल्या. पण कारकुनी पिंडाच्या माणसाला सहज बोललेलंही फर्मान वाटतं.

तपासनिसांना महिन्यातून एकदा चाळणी सैल करायचा अधिकार होता. म्हणजे एखाद्या दुर्बिणीच्या चाळणीची भोकं एका रात्रीपुरती मोठी करायची, एरवी ती ज्या मंद लकाकीकडे ढुंकून बघत नाही तीही टिपू द्यायची, आणि सकाळी बघायचं की काही चांगलं निसटत होतं का. अकरा वर्षं त्यांनी हा अधिकार रीतसर वापरला होता आणि दर वेळी ‘काही निसटत नव्हतं’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी चार नंबरची चाळणी सैल केली. चार नंबर तीनच्या सर्वांत जवळ. चारला काही दिसलं नाही की दोष तीनच्या पेटीत. एक अर्ज, एक दुरुस्ती, प्रकरण बंद. त्यांना हवा होता तो नकार होता. फक्त तो लेखी हवा होता.

शनिवारी सकाळी तीनच्या चित्राशेजारी चारचं चित्र होतं.

तीच आकृती. जराशा वेगळ्या बाजूनं पाहिलेली, जशी शेजारच्या खिडकीतून दिसावी. तोंडात तीच तीन भोकं. तपासनिसांनी चार नंबरच्या मेलेल्या डोळ्यांची यादी काढली. त्या जागचा एकही डोळा मेलेला नव्हता.

आणि चित्रांखाली आकडे होते. आजवर रद्दीत आकडे कधी नव्हते. दोघींनी पाहिलेलं असल्यामुळे संगणकानं कुणालाही न विचारता, नेहमीच्या इमानदारीनं, हिशेब करून टाकला होता. उंची : नऊशे दहा मीटर. पुढे जमिनीवरची जागा, दोन आकड्यांत.

भिंतीपलीकडे पंखे घरघरत होते. तपासनिसांनी आधी चाळणी पुन्हा घट्ट केली. दोनदा केली. मग पठाराचा नकाशा काढला, पट्टी ठेवली आणि त्या दोन आकड्यांवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. ते पठारावर पडलं नाही. उतारावर पडलं, घरांच्या रांगेत, शेवटच्या चौकोनावर.

५

चाळणी घट्ट होती तरी रविवारी ते चित्र तीनमध्ये होतं, चारमध्ये होतं आणि दोनमध्येही. उंची सहाशे चाळीस. सोमवारी चारही दुर्बिणींत, चारशे दहा. जागेचे आकडे तेच, तसूभर इकडे तिकडे नाहीत.

एरवी दहा किलोमीटर उंचीवर घडणारी गोष्ट घरांच्या डोक्यावर घडत होती. तपासनीस बाईंकडे गेले. बाईंनी या वेळी नीट पाहिलं, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. दोन किलोमीटरच्या खालचं सगळं आपण टाकतो, काका. विमानाचे दिवे, विजा, कुणाची बॅटरी. परत रद्दीत.

“चौघींनी पाहिलंय, बाई.”

“चौघींनी चूक पाहिलंय.”

तपासनीस जिना उतरले. उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण बाईंना आकृती दाखवली, पण बाईंनी पाहिले ते आकडे. वायरमननं पाहिले ते ठिपके. ती आकृती आजवर एकट्या त्यांनीच पाहिली होती. या विचारानं बरं वाटावं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

घरी ताई खिडकी पुसत होती.

दोन दिवस झाले, काचेवर एक डाग आहे आणि तो निघत नाही, असं तिचं म्हणणं. साबण झाला, कागद झाला, राख झाली. पुसून पुसून खांदा भरून आला. तपासनिसांनी चष्मा चढवला, काचेला नाक लावलं. काच लख्ख होती. पलीकडे उतार, गवत, वर तीन नंबर.

“कुठे आहे?”

“हा काय. उभा डाग. तुला नाही दिसत?”

“नाही.”

खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच काही दिसलं नाही, आणि त्यांचा जीव असा भांड्यात पडला की ते खुर्चीवर बसलेच. एकट्या ताईला दिसतंय, तेही एका डोळ्यानं. म्हणजे कुठेच नाही. आयुष्यभर ज्या नियमाची त्यांनी मनातल्या मनात टिंगल केली होती, तो त्या क्षणी त्यांना आईसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिला डॉक्टरांकडे घेऊनसुद्धा गेले. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात सावल्या तरंगतात, जातील. ताईनं विचारलं, सावली डोळ्यात असती तर डोळा फिरवल्यावर फिरली नसती का? ही तर जागची हलत नाही. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले.

परत आल्यावर तपासनिसांनी कार्यालयात जाऊन सकाळचा आकडा पाहिला. दोनशे वीस.

६

बुधवारी सत्तर.

रोजच्या उतरण्यालाही उतरता क्रम होता. दोनशे सत्तर, दोनशे तीस, एकशे नव्वद, एकशे पन्नास. रोज चाळीसनं कमी उतरत, जिना संपत आला की माणूस पाय जपून टाकतो तसं. पुढचा पाय एकशे दहाचा, आणि खाली उरले सत्तर. हे गणित चौथीतल्या पोरालाही आलं असतं.

आणि बुधवार रात्रीपासूनच पठारावर सुट्टी लागली. चांदणं वाढलं की काचेचे डोळे दिपतात, म्हणून पौर्णिमेच्या आसपास पाच दिवस झाकणं उघडत नाहीत. शास्त्रज्ञ शहरात जातात, हजामत करतात, बायकामुलांना तोंड दाखवतात. गुरुवारी तपासनीस नेहमीप्रमाणे दहाला येऊन बसले तेव्हा पडद्यावर काही नव्हतं. रद्दीसुद्धा नव्हती. अकरा वर्षं दर महिन्याला हे पाच दिवस त्यांनी पेन्सिली तासत काढले होते. आता मात्र आकडा नाही म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कळेना. आकडा होता तोवर निदान ते अजून किती लांब आहे हे ठाऊक होतं.

त्यांनी धाकटीला फोन लावला. ताईला आठ-पंधरा दिवस तुझ्याकडे ठेवून घे, म्हणाले. धाकटीनं कारण विचारलं. घराला रंग द्यायचाय, म्हणाले. धाकटी म्हणाली की दादा, तू आयुष्यात पहिल्यांदा घराला रंग देणार असशील तर ते बघायला मीच येते. त्यांना हसू आलं नाही. मग धाकटी म्हणाली, पाठव. कार्यालयाची जीप चारला शहरात जाणार होती. ताईसाठी त्यांनी त्यात जागा मागून घेतली.

ते दुपारी दोनला घरी पोचले. दार उघडून त्यांनी आधी पायपुसण्याला पाय पुसले, नेहमीच्या सवयीनं. ते काथ्याचं, दाट केसांचं, राठ पायपुसणं दाराच्या आत दोन हातांवर असायचं. घरात शांत होतं. नळ थेंबथेंब गळत होता. ताई स्वयंपाकघरात, खिडकीकडे पाठ करून बसली होती. ताई पाठ करून कधी बसत नसे. तिला उजेड लागायचा.

तिला जीपचं सांगितलं तर ती जाणार नाही म्हणाली. मग म्हणाली, का? मग भावाच्या तोंडाकडे बघून उठली आणि कपडे घड्या करू लागली. एवढ्या सहज ती आजवर कुठल्याच गोष्टीला तयार झाली नव्हती, हे त्यांच्या मनाला लागलं.

“डागाचं काय झालं?” घडी करायला टोक धरत त्यांनी विचारलं.

“काचेवर नाहीये आता तो.”

“गेला?”

“काचेच्या अलीकडे आहे.”

७

चहा पिऊन निघायचं ठरलं. साडेतीन होत आले होते. बाहेर भरपूर ऊन होतं, उतारावरचं गवत पांढरं दिसत होतं. बॅग भरून टेबलाशी ठेवलेली. ताई ओट्याशी उभी, तपासनीस खुर्चीवर. बैठकीची खोली आणि तिच्या टोकाचं बाहेरचं दार त्यांच्या पाठीमागे.

ताईनं चहा ओतला. कपात ओतला. एक थेंब बाहेर गेला नाही. दुसरा कपही तसाच, काठोकाठ.

तपासनीस कपाकडे बघत राहिले. “जमलं की तुला,” ते म्हणाले.

ताईनं भांडं खाली ठेवलं नाही. ती त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. तिचा आवाज अगदी हळू होता, पाळण्यातलं मूल उठू नये तसा.

“मागे बघू नकोस लगेच. मी काय विचारते ते ऐक. मी पाच दिवस एकटी बघतेय. मला वेड लागलं असेल तर लागू दे, तसं सांग, मी उद्या तपासून घेईन. पण खोटं बोलू नकोस. दारापाशी कुणी उभं आहे का?”

तपासनिसांना कळत होतं की आपण बघायचं नाही. काहीही होवो, मान वळवायची नाही. कपात बघायचं आणि ‘नाही’ म्हणायचं. तिनं एकटीनं पाहिलेलं कुठेच नाही. ती वेडी ठरेल, डॉक्टर गोळ्या देतील, धाकटी रडेल. ठरू दे. त्यांनी कपात बघितलं. चहावर साय धरू लागली होती. नळाचा थेंब पडला. पुढचा थेंब पडायला हवा होता तेव्हा पडला नाही.

आणि त्यांनी मान वळवली. नऊ वर्षांच्या पोराला ज्या माणसानं वाढवलं, त्या माणसाला एवढं भ्यालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून वळवली.

बैठकीच्या खोलीत ऊन होतं. फक्त दारासमोर, एका अरुंद, उभ्या जागेत, ते पोचत नव्हतं. सावली नव्हती ती. सावलीला जमीन लागते. तेवढ्या जागेतून उजेड बाजूला सरकला होता, गर्दीत एखाद्याला वाट द्यावी तसा. वरचा गोल आता कललेला नव्हता. त्याचं वाचून झालं होतं. तीन भोकं त्यांच्याकडे होती, आणि भोकांमधून पाठीमागचं दार दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं.

एवढंच. ते ताईकडे वळले.

“नाही,” ते म्हणाले. “काही नाहीये तिथे.”

आवाज सरळ आला. अकरा वर्षांच्या अहवालांचा सगळा सराव त्या एका शब्दात होता. क्षणभर त्यांना वाटलं, जमलं. ताईच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं, ओठ हलले. ती एकटी पडली होती, आणि त्यांनीच तिला एकटीला तिथे सोडलं होतं. हे पाप आपण आयुष्यभर हसतमुखानं वाहू, जीपमध्ये तिचा हात धरून वाहू, असं त्यांनी ठरवलंसुद्धा.

पण ताई अजून त्यांच्या चष्म्याकडे बघत होती. लहानपणी साखरेचा डबा कुणी उघडला हे विचारताना बघायची तशी.

“नाही म्हणालास,” ती म्हणाली, “पण तू दाराकडे नाही बघितलंस रे. दाराच्या दोन हात अलीकडे बघितलंस. मी बघते तिथेच.”

तपासनिसांनी कप दूर सारला. खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. कुणीतरी त्यांच्याच नावानं हाक मारत होतं.

त्या हाकेच्या आत, त्यांच्या पाठीमागे, एक बारीक खसखस झाली. काथ्याचे राठ केस दबल्याची. आधी एका पावलाएवढी, मग दुसऱ्या.